त्रिकोण दिवाळीआधी की दिवाळीनंतर

बाई,

सोमवारी शाळा उघडतेय आणि त्याआधी गणिताचं वार्षिक नियोजन मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडायला हवं. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्गांचं. कोणत्या महिन्यात कोणता धडा, कशानंतर काय. या शाळेत आल्यापासून हे काम मी एकट्यानं कधीच केलेलं नाही. बीजगणित माझं, भूमिती तुमची आणि भांडण दोघांचं, असं ठरलेलंच होतं. यंदा समोर भांडायला कुणी नाही, तेव्हा तासाभरात उरकेल असं मला वाटलं होतं. तीन दिवस नववीवरच अडून बसलो होतो. आज दुपारी एकदाचं सुटलं. कसं सुटलं ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण भांडण तुमच्याशी होतं.

तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. मी तुमच्या शिस्तीबद्दल बोललो, कर्तव्यनिष्ठेबद्दल बोललो, आणखी असलंच काहीतरी म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही तिथं असतात तर शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसून विचारलं असतंत, "आवं, सर हे कुणाबद्दल बोलत्यात?" मला बसल्या बसल्या तेच ऐकू येत होतं.

मंगळवारी अण्णांचा फोन आला. तुमच्या यजमानांशी माझं बोलणं आजवर ढगाळ हवेच्या पुढं कधी गेलं नव्हतं. म्हणाले, "सर, शेड मोकळी हाय. तुमचं ते चिमट्यांचं काम करून जावा. तिनं समदं काढून ठिवलंय." मी गेलो. बेदाण्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात सगळं होतं. कपड्यांचे चिमटे, आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तुमच्या हिरव्या शाईत लिहिलेली धड्यांची नावं. मे महिन्यात बसायचं म्हणून तुम्ही एप्रिलमध्येच काढून ठेवलेली. तुम्हाला तेव्हा नीट उभंही राहता येत नव्हतं, असं अण्णा म्हणाले.

तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या शेडा कमी नाहीत, पण शेडमध्ये गणिताचा अभ्यासक्रम वाळत घालणारे आपण दोघंच असू. एप्रिलअखेर बेदाणा उतरला की शेड रिकामी. एका रॅकला द्राक्षं वाळवायच्या एकावर एक दहा जाळ्या, आणि शाळेचे महिनेही जून ते मार्च दहाच. हे पहिल्यांदा तुमच्या डोक्यात आलं. तीन रॅक म्हणजे तीन वर्षं, सगळ्यात खालची जाळी जून, सगळ्यात वरची मार्च. प्रत्येक जाळीला चिमट्यानं धड्याची पत्रिका लावायची. नियम एकच: ज्या धड्याला जे आधी यायला लागतं, ते त्याच्या खालच्या जाळीवर हवं. पुस्तकात धडे एकापाठोपाठ एक असतात, म्हणून सगळं ठीकच आहे असं वाटतं. जाळीवर लावलं की कोणता धडा अधांतरी लटकतोय ते लगेच दिसायचं. मग तुम्ही पत्रिका काढायचात, मी पुन्हा लावायचो. जेवणापर्यंत निम्मी आठवीसुद्धा जागेवर बसायची नाही.

मी कोरेगावचा. दर मे महिन्यात येताना तुमच्यासाठी घेवडा आणायचो आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, "तुमचा घेवडा आन तुमी सारखंच. शिजाय लय येळ." परत जाताना पिशवीत बेदाणा असायचा, तोही काळपट पडलेला. पहिल्या वर्षी मला वाटलं, निवडून उरलेला खपवताय. तुम्ही म्हणालात, "गोड त्योच असतो. रंग काय चाटायचाय?" पुढं मी घरी दुसरा बेदाणा कधी खाल्ला नाही.

माझी पहिली आठवण मात्र गोड नाही. मी नवा, अंगात जोर, आठवीचं बीजगणित जूनच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करून मोकळा. आणि तुम्ही शेजारच्या तुकडीला कागदाच्या घड्या घालायला बसवलेलं. अर्धा, पाव, तिसरा हिस्सा, तिसऱ्याचा अर्धा. दोन आठवडे पुस्तक बंद. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, आठवीचं पुस्तक कुठंय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कपाटात हाय, सायेब. आजून सहावी चाललीया." साहेब पुढच्या वर्गावर गेले. मी मात्र स्टाफरूममध्ये तुमच्यावर हसलो. त्यावर तुम्ही म्हणालात, "हसा. फुडं काय शिकवायचं ते पुस्तक सांगतं. मागचं काय ऱ्हायलंय ते पोराला इचारावं लागतं." दिवाळीपर्यंत तुमची तुकडी माझ्या तुकडीच्या पुढं गेली होती. हे मी कबूल केलं, पण कबूल करायला मला तीन वर्षं लागली.

घड्यांचं खरं कारण तुम्ही फार उशिरा सांगितलंत. तुम्ही जतच्या. तुमचे वडील बागेच्या कामाला तासगावकडं आले, तेव्हा तुम्ही सहावीत होतात, आणि इथल्या शाळेत नाव घातलं ते दिवाळी झाल्यावर. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी पोरगी मागच्या बाकावर. "मी आले तवा फळ्यावर अपूर्णांकाचा भागाकार चालला व्हता. माझा गुणाकारच झाला नव्हता. कुणी इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई." एवढंच बोललात आणि चहा गाळायला उठलात. तुम्ही रागावलात की ओंदु, येरडु, मूरु असं कानडीत मोजायला लागायचात, हे वर्गाला माहीत होतं. त्या दिवशी चहा गाळताना मोजत होतात ते माझ्या एकट्याच्या कानावर आलं.

आता नववीचं भांडण.

नववीचा 'त्रिकोण' हा धडा दिवाळीनंतर घ्यायचा, हे माझं डोकं. पुस्तकात तो आधी येतो. पण दिवाळीआधी द्राक्षांच्या फळछाटणीच्या दिवसांत आपल्या वर्गातली मुलं बागेत काड्या गोळा करायला जातात, आठ-आठ दिवस मागचे बाक रिकामे. सिद्धता शिकवायची तर वर्ग पूर्ण पाहिजे, असं मी म्हटलं. बीजगणितातली दोन उदाहरणं चुकली तर तिसरं येतं. सिद्धतेचं तसं नसतं. पक्ष काय, साध्य काय, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर कसं जायचं, यातला एक दिवस चुकला की पुढचे चार दिवस पोर नुसतं फळ्याकडं बघतं. तेव्हा छाटणीत सोपं काहीतरी ठेवू, सांख्यिकी वगैरे, आणि दिवाळीनंतर सगळी हजर झाली की त्रिकोण. तुम्हालाही पटलं होतं, बाई. हे मी सुटका करून घ्यायला म्हणत नाही, पण पटलं होतं. आपण ती पत्रिका चिमट्यातून काढून वरच्या जाळीवर लावली आणि तिथंच ती वर्षानुवर्षं राहिली.

निकाल सुधारला. मग मी आणखी पुढं गेलो. जानेवारीपासून नववीतली निवडक बारा मुलं वेगळी काढून त्यांना दहावीचं बीजगणित आधीच सुरू करायला लागलो. बाकीच्या वर्गाला फळ्यावर गणितं लिहून द्यायची आणि सोडवा म्हणायचं. चौकात फ्लेक्स लागायला लागले: गणितात शंभरपैकी शंभर, मुलांचे फोटो आणि कोपऱ्यात माझा. तुम्ही एकदा एसटीतून उतरता उतरता तो फ्लेक्स बघितलात आणि म्हणालात, "सर, फोटोत पोरांपरीस तुमीच मोठं दिसताय." मला त्यातला टोमणा कळला नाही. मी फोटोवाल्याला सांगून पुढच्या वर्षी माझा फोटो लहान करून घेतला.

आणि मुली? मुलींना भूमिती जड जाते, असं आपण म्हणायला लागलो. मी तर पालकसभेतही म्हणालो. बीजगणितात पुढं असणारी मुलगी सिद्धतेला आली की कोरा कागद देते, हे इतकी वर्षं बघून मी त्याला मुलींचा स्वभाव समजायला लागलो. गणिताच्या मास्तरनं असं बोलावं, हे आता लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

या फेब्रुवारीत तुम्ही आलेख-कागद घेऊन आलात. नववीच्या हजेरीपटावरून तुम्ही तो केला होता. आडव्या ओळीत एकेका मुलीचं नाव, उभ्या घरांत दिवाळीनंतरचा एकेक दिवस. जी गैरहजर तिचं घर हिरव्या शाईनं भरलेलं. कागदभर हिरवे ठिपके विखुरलेले होते. मुलं छाटणीला जातात ती एकदमच, म्हणून बाक रिकामे दिसतात. मुली जातात विरळणीला, घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, आणि प्रत्येक बागेची विरळणी मणी भरतील तशी वेगवेगळ्या दिवशी येते. आज या दोघी नाहीत, उद्या त्या तिघी नाहीत. वर्ग कधीच रिकामा दिसत नाही. रोजची हजेरी भरलेली, आणि तरी त्रिकोणाचे सगळे तास बसलेली मुलगी त्या कागदावर एकही सापडत नव्हती.

"ह्ये बगा," तुम्ही म्हणालात. "आपुन पोरांच्या छाटणीकडं बगून धडा सरकवला, आन बरोबर पोरींच्या विरळणीवर नेऊन ठिवला."

मी कागद बघितला. मला पहिल्या नजरेत समजलं होतं, बाई. हे आज पहिल्यांदा सांगतोय. पहिल्या नजरेत समजलं होतं, आणि मी म्हणालो, "योगायोग आहे."

"सगळ्या पोरींचा योगायोग?"

"निकाल चांगला लागतोय. चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" एवढ्यावर न थांबता मी आणखी पुढं बोललो. "मुलींनी घरी सांगावं की शाळा आहे म्हणून. त्याला आपण काय करणार?"

तुम्ही कागदाची घडी घातलीत. कानडीत मोजलं नाहीत, त्यावरून मला कळायला हवं होतं. एवढंच म्हणालात, "सर, पोरगी मठ्ठ न्हाई, गैरहजर हाय. आन तिला गैरहजर आपुन ठिवलंय."

मग परीक्षा आल्या, पेपर आले, आणि तुमचं दुखणं आलं. सांगलीच्या दवाखान्यात मी दोनदा भेटायला आलो. दुसऱ्या वेळी तुम्ही उशीशी टेकून बसला होतात आणि मी खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याबद्दल काहीतरी बोलत होतो. तुम्ही मध्येच विचारलंत, "मग, नववीचं काय ठरवलंसा?"

मी म्हणालो, "आधी बऱ्या व्हा. मग भांडू."

"भांडाय लय येळ हाय व्हय?" तुम्ही हसलात. मीही हसलो. तेव्हा हसण्याऐवजी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची हुशारी एका वाक्यात खाली ठेवायची, तीही पलंगावरच्या माणसापुढं, मला जमलं नाही. उठताना मी तुमच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला आणि निघालो.

तर मंगळवारी शेडमध्ये गेलो. डब्यात तो आलेख-कागदही होता. त्यामागं तुम्ही लिहिलं होतं: 'त्रिकोण जुलैत.' मी पत्रिका घेतली, नववीच्या रॅकच्या खालून दुसऱ्या जाळीला लावली, आणि लांबून बघितलं. छाटणीच्या आधी, विरळणीच्या आधी, सगळी मुलं-मुली वर्गात. बरोबर बसत होतं. वाटलं, झालं काम.

आणि मग मला तुमची चूक दिसली. बाई, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच मला बरं वाटलं. जुलैत त्रिकोण घेतला, तर जतकडून बागेच्या कामाला येणाऱ्यांची मुलं? ती आपल्याकडं दाखल होतात तेव्हा छाटणी सुरू झालेली असते. त्यांचा त्रिकोण कुठं गेला? तुम्ही कशा विसरलात? सगळ्या शाळेत हे विसरायला ज्याला परवानगी नाही असं माणूस म्हणजे तुम्ही! मी रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणालो, "आता बोला." अण्णा दारात उभे होते. ते चहा ठेवून गेले.

तुमच्याशी भांडायला लागलो आणि उत्तर दिसलं. त्रिकोण दोनदा घ्यायचा. एकदा जुलैत, एकदा विरळणी संपल्यावर जानेवारीत. दुसऱ्यांदा सगळ्यांनाच, ज्यांना आला त्यांनाही, म्हणजे कुणाला वेगळं बसल्यासारखं वाटायला नको. इतकं सरळ. फक्त जानेवारीत तास कुठले? नववीच्या जानेवारीच्या जाळीवर माझी पत्रिका होती: 'निवडक वर्ग'. ती काढल्याशिवाय जागा होत नव्हती. मी चिमट्याला हात लावला आणि तसाच परत आलो. माझी बारा मुलं, तो फ्लेक्स, पालकांचे फोन, सगळं डोळ्यांपुढं आलं. तीन दिवस अडलो होतो तो इथं. नियोजनात अडचण काहीच नव्हती, बाई. अडचण मी होतो.

आज सकाळी दहावीचे जादा तास होते. एक तारखेपासून घेतोय. तुमच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, म्हणून भूमितीही माझ्याच गळ्यात. समरूपता शिकवायची तर नववीचा त्रिकोण यायला लागतो, आणि तो निम्म्या वर्गाला येत नाही, म्हणून मी नववीचं पुस्तक पुन्हा उघडलं. तुमच्यासारखं नाही, पण शिकवतोय. आकृती काढताना माझी रेघ वाकडी जाते आणि मुली तोंड दाबून हसतात.

पहिल्या बाकावर ऋतुजा होती. मागच्या वर्षीच्या नववीत बीजगणितात सगळ्यांच्या पुढं असलेली आणि भूमितीच्या पेपरात सिद्धतेच्या जागी फक्त आकृती काढून आलेली. तुमच्या दुखण्यात भूमितीचे पेपर मीच तपासले, तेव्हा तिच्या कागदावर लाल शाईत 'लक्ष द्या' असं लिहिलं होतं. आज मी पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, पहिली पायरी लिहिली आणि थांबलो. ऋतुजा उठली, फळ्याशी आली, दुसरी पायरी लिहिली, तिसरी लिहिली, शेवटपर्यंत गेली. मागं वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. राग होता.

"सर, ह्ये एवढं सोपं हाय तर आमाला आदी का न्हाई शिकवलं?"

शिकवलं होतं, तू नव्हतीस. इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय. तोंडावर पाठ आहे. वर्ग माझ्याकडं बघत होता. तुमच्या कागदावर तिच्या नावापुढं कितीतरी हिरवी घरं होती, ती मला दिसत होती.

मी म्हणालो, "चुकलं माझं."

मला वाटलं, आता या मुली काय म्हणतील, घरी जाऊन काय सांगतील, गावात काय होईल. ऋतुजानं हातावरचा खडू झटकला आणि बाकावर जाऊन बसली. म्हणाली, "मग आता शिकवा की."

शिकवलं. तास संपून गेला तरी कुणी उठलं नाही. घरी आल्यावर निवडक वर्ग खोडला, जुलैत त्रिकोण लिहिला, जानेवारीत पुन्हा त्रिकोण लिहिला. उद्या मुख्याध्यापक विचारतील, एकच धडा दोनदा कशाला? फ्लेक्सचं काय, म्हणून विचारतील. त्यांना काय सांगायचं ते बघेन. त्याची मला आता काळजी वाटत नाही.

काळजी वेगळीच लागून राहिलीय. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी दोनच शब्द बोललो असतो, चुकलं माझं, तर तुम्ही काय केलं असतंत? रागावला नसतात. 'मी म्हटलं नव्हतं का' असंही म्हणाला नसतात. उशीखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला असतात आणि म्हणाला असतात, "बरं. मग आता नववी मांडा की." बाई, एवढं सोपं होतं ते, आणि मी तुम्हाला बिस्किटं देऊन आलो.